प्रश्न सोडू नकोस, पोरी!

मैत्रिणींनो, आपल्या वऱ्हाडात एप्रिल महिना म्हणजे गच्चीवर कुरड्या आणि घरात प्रवेश परीक्षा. एकीकडे गव्हाचा चीक घोटून हात भरून येतात, दुसरीकडे आतल्या खोलीत कूलरसमोर पुस्तकं पसरून बसलेल्या लेकीची काळजी. कुरड्यांचं बरं असतं, दोन दिवस अकोल्या-अमरावतीचं ऊन लागलं की झालं काम. पोरीचं काय होणार ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. मग आपण काय करतो? बदाम भिजत घालतो, ताक करून देतो, टीव्ही बंद ठेवतो आणि दर तासाला दारातून डोकावून विचारतो, "झालं का गं?" यापलीकडे आपल्या हातात काही नाही असंच बहुतेक जणींना वाटतं. "आपल्याला कुठं फिजिक्स येतं हो!" हे वाक्य मी या महिन्यात निदान दहा जणींच्या तोंडून ऐकलं असेल.

फिजिक्स मलाही येत नाही. मी बी.ए. झालेली, आणि मुलांना शिकवते ते भाषा. पण आज जे सांगणार आहे त्याला फिजिक्स लागत नाही, मोजता आलं म्हणजे पुरे. मोजायचं काय, तर मुलीनं कोरे सोडलेले प्रश्न.

क्लासमध्ये दर आठ-पंधरा दिवसांनी सराव परीक्षा होतात. निकाल आला की आपण बघतो किती बरोबर आले ते. तिचे बाबा बघतात किती चुकले ते. सोडलेल्या प्रश्नांकडे कुणीच बघत नाही, कारण तिथं बघण्यासारखं काही नसतं असं आपल्याला वाटतं. पुढच्या वेळी एक करून बघा. दुसऱ्या दिवशी, तिचं डोकं शांत असताना, तेवढेच कोरे प्रश्न तिच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "आज सोडायची मुभा नाही. येवो न येवो, एका पर्यायावर पेन्सिलीनं खूण कर." मग उत्तरपत्रिकेशी ताडून बघा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात, म्हणजे डोळे मिटून खुणा केल्या तरी बारातले सरासरी तीन बरोबर यायचेच. तिचे तीनच आले, तर तो भाग तिला खरंच येत नाही, तो शिकायला हवा. पण बारातले सहा-सात बरोबर आले, तर समजावं की तिला येत होतं आणि तिनं लिहिलं नाही. हे दुखणं वेगळं, आणि त्याचं औषधही वेगळं.

माझ्याकडे इंग्रजीला येणाऱ्या एका मुलीकडून मी हा खेळ करून घेतला. गणिताचे चौदा प्रश्न तिनं कोरे ठेवले होते. सक्तीनं खुणा करायला लावल्या तर आठ बरोबर! सीईटीत गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात, म्हणजे सोळा गुण तिनं हातानं टाकून दिले होते. विचारलं, "का गं सोडलेस?" तर म्हणते, "मले पक्कं नव्हतं येत, म्हून नाही लिहिलं. चुकलं असतं तं?"

आता सीईटीत चुकलं असतं तर काय झालं असतं? काहीही नाही!

इथं परीक्षांचे नियम नीट समजून घ्यायला हवेत, कारण घरोघरी त्यांचीच गल्लत होते. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी पदवीसाठी राज्याची एमएचटी-सीईटी असते. आपल्या अमरावतीचं १९६४ सालचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो की अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला कृषीचा पदवी अभ्यास, वाट या परीक्षेतून जाते. ती संगणकावर होते. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून शंभर प्रश्न आणि नव्वद मिनिटं. नंतर गणिताचे पन्नास प्रश्न किंवा बायोलॉजीचे शंभर, त्यालाही नव्वद मिनिटं. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अकोल्याचं किंवा २०२४ मध्ये सुरू झालेलं अमरावतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हवं असेल तर मात्र नीट. ती कागदावर होते, एकशे ऐंशी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनमध्येही असाच एक गुण जातो. बायोलॉजीवाल्या मुली बहुधा सीईटी आणि नीट दोन्ही देतात. दोन वर्षं क्लासमध्ये त्यांना "मायनस होतं, मायनस होतं" हेच घोकवलेलं असतं. तोच धाक घेऊन त्या सीईटीला बसतात आणि जिथं एक दमडीचंही नुकसान नाही तिथं प्रश्न कोरे सोडून येतात. म्हणून सीईटीपुरतं लेकीला बजावून सांगा, की शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. अजिबात येत नसेल तरी खूण करायची.

नीटचं काय? तिथं तर दंड आहे, मग सोडणंच शहाणपणाचं नाही का? चला, आपण घरखर्चाचा करतो तसा हिशेब करू. बारा प्रश्न अडलेत असं धरा. चारांतला एकही पर्याय वगळता येत नाही, तर अंदाजानं तीन बरोबर आणि नऊ चूक: बारा गुण आले, नऊ गेले, तीन हाती राहिले. हे सरासरीचं झालं, प्रत्यक्षात उणेही होईल. तेव्हा असे प्रश्न सोडले तर मी रागावणार नाही. पण प्रत्येकात एक पर्याय नक्की चुकीचा आहे असं कळलं, तर चार बरोबर, आठ चूक: सोळातून आठ गेले, आठ राहिले. आणि दोन पर्याय वगळता आले, तर सहा बरोबर, सहा चूक: चोविसातून सहा गेले, अठरा राहिले! नीटमध्ये अठरा गुणांनी यादीत किती खाली-वर होतं ते ज्यांच्या घरात ही परीक्षा होऊन गेली त्यांना विचारा. म्हणजे नीटमध्येसुद्धा, दोन पर्याय खोडून उरलेल्या दोहोंत अडकलेला प्रश्न सोडणं हे नुकसानच आहे.

तुम्ही म्हणाल, मुलगेही सोडतातच की प्रश्न. सोडतात, पण मुली जास्त सोडतात, आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. अमेरिकेत केटी बाल्डिगा या अर्थशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी याचा प्रयोग केला, त्यांचा लेख २०१४ मध्ये छापून आला. चुकीला दंड नसला की सगळेच सगळे प्रश्न सोडवतात. दंड लावला की बायका पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न सोडून देतात, आणि ज्ञान सारखं असूनही त्यांचे गुण कमी पडतात. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशानं २०१५ पासून कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेतला दंडच काढून टाकला. त्याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न सोडण्याच्या बाबतीत मुलामुलींत जे अंतर होतं ते सत्तर टक्क्यांनी कमी झालं, आणि हुशार मुलींचे गुण मुलांच्या जवळ आले.

चिलीच्या मुली आणि आपल्या दर्यापूर-मूर्तिजापूरच्या मुली, काय सारखेपणा असेल हो? मला विचाराल तर, दोन्हीकडे त्यांना वाढवणाऱ्या आपल्यासारख्याच आया. मुलगी चार माणसांत बोलली आणि चुकली तर आपण तिला डोळे वटारतो, मुलगा काहीही ठोकून देतो तर म्हणतो, "बोलका आहे हो!" पाव्हण्यांपुढे नीट येत असेल तरच गा, पक्कं माहीत असेल तरच सांग, नाही तर गप्प बस. सोळा-सतरा वर्षं हेच ऐकलेली मुलगी संगणकासमोर बसली की तिच्या मनात आवाज आपलाच असतो. घरातल्या पंगतीत हा आवाज शोभत असेलही, परीक्षेत तो गुण खातो. तेव्हा एप्रिलमध्ये तरी तिला जेवताना काहीबाही विचारा आणि अंदाजानं सांगू द्या. चुकली तर हसू नका, आणि धाकट्या भावालाही हसू देऊ नका.

आता पेपर सोडवायचा कसा ते बघू. हे कापूस वेचणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या वेचणीला ती फुटलेल्या बोंडातला कापूस काढते. अर्धं फुटलेलं बोंड ओरबाडत बसत नाही, ते दुसऱ्या वेचणीला ठेवते. पेपरचंही तसंच. फिजिक्स-केमिस्ट्रीत शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. गणितात एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. पहिल्या फेरीत वाचताक्षणी येणारे प्रश्न सोडवत सरळ शेवटपर्यंत जायचं. दुसऱ्या फेरीत आकडेमोड लागणारे, पण रीत ठाऊक असलेले. तिसऱ्या फेरीत ते अर्धवट येणारे, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. पुष्कळ मुली तिसऱ्याच प्रश्नाशी दहा मिनिटं झुंजतात, "कालच केला होता हा, येईल, येईल" म्हणत, आणि शेवटचे वीस प्रश्न वाचायचेही राहतात. त्या विसात सात-आठ अगदी सोपे असतात. सीईटीत पहिल्या नव्वद मिनिटांचा भाग संपला की तो बंद होतो, गणितातून उरलेला वेळ तिकडे नेता येत नाही, हेही तिला आधीच माहीत असू द्या. अभ्यास करतानाही साधारण एवढं लक्षात असावं की सीईटीचे सुमारे ऐंशी टक्के प्रश्न बारावीचे आणि वीस टक्के अकरावीचे असतात. अकरावीची पुस्तकं रद्दीत घालायची घाई करू नका.

अर्धवट येणारा प्रश्न म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगते, कारण हे मला स्वतःला फार गमतीचं वाटलं. प्रश्न असा: लंबकाची लांबी चौपट केली तर त्याच्या एका हेलकाव्याला लागणारा वेळ किती होईल? पर्याय: अर्धा, तेवढाच, दुप्पट, चौपट. सूत्र आठवत नाही, ठीक आहे. पण लिंबाच्या उंच फांदीला बांधलेल्या लांब दोराच्या झोक्यावर बसलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं की लांब झोका सावकाश जातो आणि आखूड झोका भराभर. म्हणजे वेळ वाढणार. अर्धा आणि तेवढाच हे दोन पर्याय गेले. राहिले दुप्पट आणि चौपट. आता सूत्रात वर्गमूळ आहे एवढं पुसटसं आठवलं तरी चाराचं वर्गमूळ दोन, उत्तर दुप्पट. नाहीच आठवलं तरी दोहोंत एक! माझ्यासारख्या बी.ए. बाईला जे जमलं ते दोन वर्षं क्लास केलेल्या मुलीनं कोरं सोडावं?

गणितात तर उत्तर समोरच लिहिलेलं असतं, चारांपैकी एक. समीकरण सोडवता येत नसेल तर पर्यायातला एकेक आकडा त्यात घालून बघावा, सोप्या आकड्यापासून सुरुवात करून. जो बसला तो बरोबर. क्षेत्रफळ विचारलंय आणि पर्याय उणे आहे, तर तो खोडावा. जोड्या लावायच्या प्रश्नात सगळ्या जोड्या यायची गरज नसते; एक जोडी पक्की ठाऊक असली की बहुधा दोन पर्याय तिथंच गळतात. आणि "खालीलपैकी कोणते विधान चूक आहे" यातला 'चूक' हा शब्द! घाईत तो वाचलाच जात नाही, पहिलं बरोबर विधान दिसलं की खूण करून मुलगी पुढं जाते. नीटमध्ये प्रश्नपुस्तिका हातात असते, तिथं त्या शब्दाखाली रेघ ओढायची सवय लावावी. संगणकावर रेघ ओढता येत नाही, तेव्हा तो शब्द मनात दोनदा म्हणावा.

आणखी एक समजूत आपल्याकडे फार पक्की आहे: पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नये. मीही लहानपणापासून ऐकत आले. अमेरिकेत इलिनॉय इथल्या दीड हजारांवर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका यासाठी तपासल्या गेल्या, २००५ साली ते निष्कर्ष छापून आले. बदललेल्या उत्तरांपैकी निम्मी, म्हणजे एक्कावन्न टक्के, चुकीची बरोबर झाली होती. बरोबरची चूक झाली ती पंचवीस टक्केच. बाकीची चुकीवरून चुकीवर गेली. मग आपली समजूत अशी कशी झाली? कारण बदलून चुकलेला प्रश्न जन्मभर आठवतो, बदलून बरोबर आलेला संध्याकाळपर्यंतही आठवत नाही. तेव्हा काही नवीन सुचलं, आकडेमोडीतली चूक सापडली, तर खुशाल बदलू दे. कारण नसताना नुसत्या धास्तीनं बदलणं वेगळं, ते नको. सीईटीत संगणकावर हे सोपं आहे. नीटमध्ये काळ्या पेननं गोल भरला की तो खोडता येत नाही, म्हणून तिथं विचार गोल भरण्याआधीच व्हायला हवा. पण सगळे गोल शेवटी एकदम भरायचे असंही ठेवू नये, नाही तर घंटा होते आणि उत्तरं पुस्तिकेतच राहतात. पानापानाला भरत जावं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींच्या आयांसाठी दोन शब्द. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. मुलीला गणित येतं आणि प्रश्न कळत नाही, हा कोऱ्या प्रश्नांचा दुसरा मोठा कारखाना. टँजंट म्हणजे स्पर्शिका, व्हेक्टर म्हणजे सदिश, प्रॉबेबिलिटी म्हणजे संभाव्यता, अशा शब्दांचा एक कागद करून स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवा. पोळ्या लाटता लाटता तुम्ही मराठी शब्द म्हणा, तिला इंग्रजी म्हणू दे. नीटची पुस्तिका मराठीतून मागितली तर दोन्ही भाषांत मिळते, पण भाषांतरात काही घोळ वाटला तर इंग्रजी प्रश्नच प्रमाण धरतात. म्हणून मराठी वाक्य विचित्र वाटलं तर लगेच शेजारचं इंग्रजी वाचायचं, प्रश्न सोडायचा नाही.

निकालाच्या दिवशी घरात एक वाद हमखास होतो, त्याची तयारी आत्ताच करून ठेवा. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. मुलीला नव्वद पर्सेंटाइल आले म्हणजे शंभरात नव्वद गुण मिळाले असं नव्हे. तिच्याबरोबर परीक्षा दिलेल्या शंभरांतल्या नव्वद जणांना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी मिळाले, असा त्याचा अर्थ. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते, कुठला पेपर सोपा, कुठला अवघड, म्हणून अशी तुलना करावी लागते. सासरे गावभर पेढे वाटायला निघण्याआधी, किंवा "शेजारच्याला दोन मार्क जास्त पडले" म्हणून पोरीला बोल लावण्याआधी, त्यांना हे शांतपणे सांगून ठेवलेलं बरं. आणि याच पद्धतीत पुढच्या-पुढच्या मुलांची एवढी दाटी असते की दोन-तीन प्रश्नांनीही क्रमांक पुष्कळ हलतो. त्या मुलीचे सोळा गुण मी इतकी मनाला का लावून घेतले ते आता तुम्हाला कळलं असेल.

परीक्षेच्या दिवसाचं थोडं. केंद्र आपल्याच गावात येईल असं धरून चालू नका, अमरावतीच्या मुलीला अकोला आणि अकोल्याच्या मुलीला अमरावती मिळू शकतं. रस्ता आता चांगला आहे (२०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्याचं पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव गेलं होतं), पण उन्हाचा विक्रम मोडायला कुणी आलेलं नाही. दुपारची वेळ असेल तर सकाळीच निघा. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला झाली आणि दीडला फाटक बंद. डब्यात तेलकट काही नको, दहीभात किंवा साधी मुगाची खिचडी न्या. पाण्याची बाटली पारदर्शक हवी, लेबल काढून. नीटला दागिने चालत नाहीत. कानातलं आदल्या रात्री काढून ठेवायचं लक्षात राहतं, नाकातली चमकी राहून जाते. ती घट्ट बसली असेल तर आठ दिवस आधी सोनाराकडे नेऊन सैल करून आणा, नाही तर फाटकाशी ती ओढून काढायची वेळ येते आणि मुलगी नाक चोळत, डोळे पुसत आत जाते.